शारजा ते अल क्वोज समुपदेशन केंद्र

६ जानेवारी २०२५, सोमवार

निर्णय झाला. मी काउन्सेलर होणार. साधासुधा नाही, लायसन्सवाला. भिंतीवर फ्रेम लावतात तसला.

गुरुवारी ऑफिसात वेलनेस डे झाला. गोदामातल्या लोकांना स्ट्रेस असतो असं हेड ऑफिसला अचानक वाटायला लागलंय. ट्रेनर बाई आल्या, म्हणाल्या, कुणाला काही विचारायचंय का. मी हात वर केला. माझा प्रश्न संपला तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. निघताना बाई मला म्हणाल्या, सर, तुम्ही बोलता छान. एवढ्या हॉलमध्ये फक्त मला म्हणाल्या.

खरं तर हे आधीच लक्षात यायला हवं होतं. दुबईत अल क्वोजच्या या गोदामात मॅनेजर म्हणून आयुष्य काढलं. ड्रायव्हर असो, फोर्कलिफ्टवाला असो, माझ्या केबिनमध्ये आला की दोन मिनिटांत गप्प होतो आणि मान डोलवत राहतो. समोरच्याला असं शांत करणं सगळ्यांना जमत नाही.

कुमुदला सांगितलं. ती संक्रांतीच्या गुळपोळ्यांच्या ऑर्डरीत होती. म्हणाली, बरं, पण आधी ऋताला फोन करा, तिचा आवाज मला बरा वाटत नाही. बायकोने निर्णयाचं असं स्वागत केल्यावर माणसाने करायचं काय?

७ जानेवारी

ऋताला फोन केला. अल ऐनला हॉस्टेलवर असते, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. म्हटलं, कशी आहेस. म्हणाली, आय ॲम ओके, बाबा. म्हटलं, मग झालं. त्यानंतर तिला माझा निर्णय सविस्तर सांगितला. शेवटी ती म्हणाली, बाबा, आय हॅव टु गो.

आवाजात मला काही दोष वाटला नाही. रेंजचा प्रॉब्लेम असावा.

१२ जानेवारी, रविवार

डिप्लोमा मिळाला. शुक्रवारी दुपारी ऑनलाइन नाव घातलं, आज सर्टिफिकेट आलं. व्हिडिओ दीडपट वेगाने पाहिले. ऐकण्याच्या कौशल्यावरचा धडा सोडून दिला, ते आपल्याला येतंच. सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का आहे. प्रिंट काढून कुमुदला दाखवली तर म्हणाली, शिक्का छापलेला आहे. मग काय लाखेचा हवा होता?

१६ जानेवारी, गुरुवार

डोकं फिरलंय. आख्खा लंच टाइम लायसन्सच्या हेल्पलाइनवर गेला. मुलगी गोड आवाजाची. म्हणाली, आधी काउन्सेलिंग किंवा सायकॉलॉजीची मास्टर्स हवी. मग ती भारतातून अटेस्ट करून आणायची. मग कुणाच्या तरी देखरेखीखाली काम केल्याचा अनुभव. मग परीक्षा.

मी म्हटलं, मॅडम, माझं कोल्हापूरचं बी.कॉम. आहे, व्हिसाच्या वेळीच अटेस्ट झालंय. ती म्हणाली, सर, कॉमर्स इज नॉट सायकॉलॉजी. मी तिला कॉमर्समध्ये सायकॉलॉजी कशी ठासून भरलेली असते ते समजावलं. तिने सगळं ऐकलं आणि पुन्हा तेच पहिल्यापासून सांगितलं. काही लोकांना दुसऱ्याचं ऐकायची सवयच नसते.

२१ जानेवारी

मी पण वेडाच. इथे कुठलंही सरकारी काम अडलं की माणूस पीआरओकडे जातो. व्हिसा, एमिरेट्स आयडी, गाडीचा दंड, आमच्या कंपनीचा अक्रम सगळं करून आणतो. कसं, ते विचारायचं नसतं. त्याला पासपोर्टची कॉपी आणि पांढऱ्या बॅकग्राउंडचे फोटो दिले. म्हटलं, एक लायसन्स काढायचंय. म्हणाला, हो जाएगा साब, इन्शाल्ला.

याला म्हणतात सिस्टीम.

२८ जानेवारी

अक्रम कोटेशन घेऊन आला. लायसन्स मिळतंय. जनरल ट्रेडिंगचं. लसूण, टाइल्स, मोबाइलची कव्हरं, काय वाटेल ते आणून विकता येईल म्हणाला. मी म्हटलं, अरे बाबा, माणसांच्या मनाचं हवंय. त्याने लायसन्सची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग म्हणाला, साब, उसके लिए तो डिग्री लगेगा. खलास.

कोटेशन दिरहममध्ये ऐकलं तेव्हा ठीक वाटलं होतं. मोठ्याने रुपयांत केलं आणि खाली बसलो.

२ फेब्रुवारी, रविवार

नवा प्लॅन. मास्टर्स सवकाशीने. तोपर्यंत पुण्याच्या एका संस्थेचा ऑनलाइन ॲडव्हान्स कोर्स, तपासायला खरी ट्यूटर. शिवाय अनुभव आतापासून गोळा करायचा. ऋताच्या युनिव्हर्सिटीला आणि दोन शाळांना मेल टाकले की मी व्हॉलंटिअर म्हणून काम करायला तयार आहे. फाइलही केली. प्लॅस्टिकची नाही, चांगली लेदरची.

क्लायंट कुठून आणायचे, हा प्रश्न होता. अंघोळ करताना उत्तर सापडलं. क्लायंट रोज माझ्याच गाडीत बसतात!

आम्ही शारजात राहतो. बिल्डिंगमधले दोघं रोज माझ्याबरोबर अल क्वोजला येतात, दोघंही आमच्याच कंपनीतले. पुढच्या सीटवर कमरुद्दीन, अकाउंट्सचा, रत्नागिरीजवळचा. मागे हाफिजा, एचआरमधली, मूळची श्रीवर्धनची. सकाळी जाताना जॅम, संध्याकाळी येताना जॅम. दारं लॉक. कुठे उठून जायची सोय नाही. कुठल्या काउन्सेलरला असे क्लायंट मिळतात?

५ फेब्रुवारी

सेशन्स सुरू. हाफिजाला म्हटलं, सासूबद्दल बोल. म्हणाली, सासू चांगली आहे. हे डिनायल. डिनायल म्हणजे काय ते तिला सालिकच्या टोलपर्यंत समजावलं. टोल आला तेव्हा तिने हेडफोन लावले. मन बदलाला आधी विरोध करतंच, मॉड्यूलमध्ये आहे.

कमरुद्दीनची केस खोल आहे. आई गावी एकटी, आजारी. तिला इकडे आणायचं की आपणच परत जायचं, ठरत नाही म्हणाला. एवढं एकच वाक्य बोलला, पुढचं मी सांभाळलं. ऑफिस आलं तेव्हा म्हणाला, दत्ताभाई, तुम्ही फार विचार करता हो.

अशी पावती पहिल्याच आठवड्यात मिळाली.

९ फेब्रुवारी, रविवार

ऋताचा फोन. आपणहून. रात्री झोप येत नाही म्हणाली. मी लगेच मोबाइल, कॉफी, संध्याकाळचं चालणं, कोमट दूध, सगळं क्रमाने सांगितलं. ती मध्येच क्लासचं काहीतरी सांगायला लागली होती, पण दुधाचा मुद्दा राहून जाईल म्हणून मी तिला थांबवलं. नंतर ती गप्पच झाली. म्हणजे पटलं.

कुमुदने फोन मागितला तोवर कट झाला होता. तेव्हापासून कुमुद भांडी आपटतेय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हाफिजा आजपासून गाडीत नाही. बस, मग मेट्रो, मग परत बस अशी येते म्हणे. त्यासाठी पहाटे घर सोडते. कमरुद्दीन म्हणाला, तिला मेट्रो आवडते. मेट्रो कुणाला आवडते?

फाइलमध्ये नोंद केली: क्लायंट स्वावलंबी झाली, केस बंद. पहिलीच केस आणि यशस्वी. तरी चिडचिड झाली. निदान सांगून जायचं.

२३ फेब्रुवारी, रविवार

असाइनमेंट: क्लायंटच्या परवानगीने एक संभाषण रेकॉर्ड करायचं आणि शब्द न् शब्द टाइप करून पाठवायचं. नावं नकोत, नुसतं अ आणि ब. कमरुद्दीन तयार झाला. तो कशालाही तयार होतो. शुक्रवारी परतीच्या जॅममध्ये रेकॉर्डिंग केलं, विषय त्याची आई. टाइप करताना बोटं दुखायला लागली. अ म्हणजे मी, पानंच्या पानं. ब म्हणतो, हं. ब म्हणतो, बरोबर. ब म्हणतो, दत्ताभाई, पुढची गाडी हलली.

शेवटी शेवटी तो काहीतरी लांबलचक बोललाय, पण मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. तेवढं गाळलं. शब्दमर्यादाही होतीच.

४ मार्च, मंगळवार

रमजान. ऑफिस लवकर सुटतं. कमरुद्दीनचा रोजा. म्हणाला, दत्ताभाई, घसा सुकलाय, डोकंही चढलंय, आज जरा शांत बसू या का? उत्तम! मौनाला काउन्सेलिंगमध्ये फार मोठं स्थान आहे. ते का, हे त्याला शारजापर्यंत समजावून सांगितलं.

९ मार्च, रविवार

असाइनमेंट तपासून आली. संताप संताप संताप.

ट्यूटरने ब ला काउन्सेलर समजून मार्क दिलेत! लिहिलंय, काउन्सेलरचा संयम वाखाणण्यासारखा आहे. क्लायंटला मनसोक्त मोकळं होऊ दिलं, एकदाही तोडलं नाही. क्लायंट मात्र बराच अस्वस्थ दिसतो, आईविषयी त्याच्या मनात मोठा गुंता आहे, त्याला तज्ज्ञांकडे पाठवावं. माझी आई जाऊन सहा वर्षं झाली! आमचं दोघांचं उत्तम होतं!

ताबडतोब मेल केला की अ हा काउन्सेलर आहे. उत्तर आलं, सॉरी सर, देन प्लीज रिसबमिट.

कुमुदला सांगितलं. ती किचनमध्ये गेली आणि नळ सोडून हसली. नळाच्या आवाजात हसणं लपतं असं तिला लग्नापासून वाटतंय. कमरुद्दीनला मार्कांचं सांगितलेलं नाही. उगाच शेफारायचा.

२० मार्च, गुरुवार

लायसन्स लायसन्स करत बसलं तर म्हातारा होईन. कामाला लागलं पाहिजे, कागद मागून येतात. बर दुबईत मीना बाजारच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावरची खोली बघून आलो. खाली साड्या, वर मनःशांती. ब्लाउजपीस मॅच होईनासा झाला की बायका आपोआप वर येतील. कार्डं छापायला टाकली: दत्तप्रसाद केळुसकर, काउन्सेलर.

२४ मार्च, सोमवार

हाफिजा आज आपणहून केबिनमध्ये आली. मला वाटलं, फॉलो-अपला. तिच्या हातात माझ्या कार्डाचं प्रूफ होतं, ऑफिसच्या प्रिंटरवर राहिलेलं. दार लावून घेतलं आणि म्हणाली, सर, लायसन्स नसताना हे करणं इथे गुन्हा आहे, नोकरी जाईल, व्हिसा जाईल. मी कुणाला बोलणार नाही, पण तुम्ही हे करू नका. जाताना प्रूफ फाडून माझ्याच टोपलीत टाकलं.

ज्या बाईला मी स्वावलंबी केलं तिने मला असं सांगावं!

खोली कॅन्सल. कार्डवाल्याला फोन केला तर म्हणाला, काउन्सेलर काढून कन्सल्टंट करून देऊ का? कसला, ते मागाहून ठरवा. त्याच्यावर ओरडलो. त्याची काही चूक नव्हती.

३० मार्च, ईद

कमरुद्दीनकडे शीरखुर्मा. हॉल गच्च. बाल्कनीत ऑफिसचा एक जण त्याच्याशी हळू आवाजात बोलत होता, डोळे पुसत होता. मी मदतीला गेलो तर दोघं आत आले. नंतर कमरुद्दीनला विचारलं, काय झालंय त्याला. म्हणाला, काही नाही, त्याला बोलायचं होतं. हा माणूस कधी काही सांगतच नाही.

ऋता सुट्टीतही आली नाही. कुमुद काल बसने अल ऐनला जाऊन आली. म्हणाली, तुम्ही एकदा जा आणि नुसते तिच्याजवळ बसा. म्हटलं, नुसतं बसून काय होणार? माझी असाइनमेंट परत द्यायची आहे, हे या घरात कुणाच्या लक्षात नाही.

१३ एप्रिल, रविवार

ऋताचा फोन. म्हणाली, बाबा, आय डोन्ट थिंक आय कॅन डू धिस. मी म्हटलं, ऑफ कोर्स यू कॅन. मग रेझिलियन्सवर बोललो. मी पहिल्यांदा इथे आलो तेव्हा एका खोलीत नऊ जण राहायचो, एसी होता तो फक्त आवाज करायचा, हेही सांगितलं. ती ओके बाबा म्हणाली. तीनदा म्हणाली.

हा फोन अनुभवात धरला नाही. नातेवाईक चालत नाहीत. नियम म्हणजे नियम.

२१ एप्रिल, सोमवार

कमरुद्दीनने राजीनामा दिला. आईकडे परत जातोय. मला ऑफिसच्या ग्रुपवर कळलं! माझा क्लायंट, माझ्याच शेजारची सीट, आणि मी ग्रुपवर वाचतोय! गाडीत विचारलं, हे कधी ठरलं? म्हणाला, फेब्रुवारीत, तुम्हाला सांगितलं की त्या शुक्रवारी, रेकॉर्डिंग चालू होतं तेव्हा.

काहीतरीच. मला सांगितलं असतं तर माझ्या लक्षात राहिलं नसतं?

त्याची नोटीस संपली की गाडीत मी एकटा. प्रॅक्टिस बंद पडल्यातच जमा.

२९ एप्रिल, मंगळवार

विजय! अल ऐनहून मेल! ऋताच्या युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलर, मरियम मॅडम. ऋताच्या संमतीने दोन्ही पालकांनी आठ तारखेला भेटायला यावं. मी फेब्रुवारीत टाकलेला मेल अखेर कुणीतरी वाचला. ऋताचं निमित्त केलंय, सरळ कसं बोलावणार. पालक हा शब्द शिष्टाचाराचा.

कुमुदने मेल वाचला आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, अहो, हे तुमच्यासाठी नाहीये, हे ऋताचं आहे. म्हटलं, तू मेलच्या मागचं वाच.

७ मे, बुधवार

ब्लेझर इस्त्री केला. फाइल लावली: डिप्लोमा, केसच्या नोंदी, ट्यूटरचं कौतुक (अ चं की ब चं, ते खोडलं). कुमुद म्हणाली, उद्या जरा कमी बोला. कमी म्हणजे किती, ते काही तिने सांगितलं नाही.

८ मे, गुरुवार

अल ऐन.

मरियम मॅडम वयाने लहान. घर राजापूरकडचं, पण वाढल्या इथेच. मराठी बोलतात. मला काका म्हणाल्या. सहकाऱ्याला कुणी काका म्हणतं का? मी फाइल काढली तर म्हणाल्या, ती राहू दे काका, आज ऋताला काही सांगायचंय, ते आपण ऐकायचं. तेव्हा कुठे कळलं की ऋता खोलीतच आहे. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती, मी आत येताना पाहिलंच नव्हतं. फार बारीक झाली आहे.

ती म्हणाली, बाबा, आय स्टॉप्ड गोइंग टु क्लास इन फेब्रुवारी. मग का, ते सांगायला लागली. बराच वेळ सांगत होती. मध्ये रडली, कुमुदने हात धरला. मी एकही शब्द बोललो नाही. हे इथे नमूद करतो, कारण दुसरं कुणी करणार नाही.

ती थांबल्यावर मॅडम म्हणाल्या, काका, ऋता काय म्हणाली ते तुमच्या शब्दांत सांगा. मी सांगितलं की एक सेमिस्टर गेलं म्हणून काही आकाश कोसळत नाही, नवीन टाइमटेबल करू, मी स्वतः लक्ष घालीन. मॅडम म्हणाल्या, हे तुमचं उत्तर झालं, ती काय म्हणाली? मी म्हटलं, अभ्यास जड जातोय. ऋता म्हणाली, नो. मी म्हटलं, हॉस्टेल आवडत नाही. ती माझ्याकडे बघेनाशीच झाली. मॅडमना म्हणाली, लीव्ह इट, मॅम. ही ऑल्वेज डज धिस. माझ्याबद्दल. मी समोर बसलेला असताना.

फाइल कुणी उघडली नाही. ऋताचं सामान डिकीत टाकलं आणि तिला घरी घेऊन आलो. रस्ताभर काय बोलावं ते मला सुचलं नाही. असं माझं कधी होत नाही.

१० मे, शनिवार

ऋता तिच्या खोलीत असते. जेवायला येते, माझ्याशी नीट वागते, मीठ मागितलं की देते. मॅडमनी पुढच्या आठवड्यात मला एकट्याला बोलावलंय. व्हॉलंटिअर म्हणून नाही. विचारून खात्री करून घेतली.

जायच्या आधी ऋता काय म्हणाली ते नीट लिहून काढावं म्हणून आज बसलो. पहिलं वाक्य आठवलं, क्लासला जाणं बंद केलं ते. त्यानंतर मी मनात माझं बोलणं जुळवत होतो, ते सगळं आठवतंय, मुद्द्यांसकट, उदाहरणांसकट. तिचं काहीच नाही. माझी मुलगी एवढा वेळ रडत रडत काहीतरी सांगत होती आणि मला त्यातलं एक वाक्य आठवत नाही. घाबरलो. खरंच घाबरलो.

किचनमध्ये जाऊन कुमुदला विचारलं, ऋता परवा काय म्हणाली गं?

तिने गॅस बारीक केला. म्हणाली, अहो, तुम्ही होतात ना तिथे?

म्हटलं, होतो.